मेसवाल्याला काय सांगायचं?

मागच्या पावसाळ्यात आधार कार्डावरचा पत्ता बदलायला आमच्या भागातल्या एका सेवा केंद्रात गेले होते. सोलापुरातला पावसाळा म्हणजे पावसापेक्षा दमटपणाच जास्त. अर्धं ओढलेलं शटर, एक टेबलफॅन, दोन कॉम्प्युटर आणि लॅमिनेशनच्या मशीनमधून येणारा तापलेल्या प्लास्टिकचा वास. माझ्या पुढे एक बाई आणि तिची मुलगी बसली होती. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, मांडीवर बटणाची पारदर्शक फाईल. फाईलमध्ये काय असणार हे बघायची गरज नव्हती. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाइल, बोनाफाईड, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. बाईचा उजवा हात मात्र मी बघत राहिले. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकाची कातडी तपकिरी, घट्ट झालेली, नखाच्या कडेला बारीक भेगा. असे हात मी लहानपणापासून बघितलेत. विड्या वळणारीचे हात.

ऑपरेटर पोरगा पंचविशीतला, बोलायला मऊ. स्क्रीनवर बघून म्हणाला, "शिष्यवृत्तीचा अर्ज सेंड बॅक आलाय. आधार बँकेला जोडलेलं दिसत नाही."

"सर, जोडलंय. गेल्या वर्षीच जोडलंय. पहिला हप्ता आला होता की," मुलगी म्हणाली.

"मग परत एकदा बँकेत जाऊन सीडिंग बघून या. आणि यंदासाठी उत्पन्नाचा दाखला नवीन लागेल, हा मार्चला संपला."

"मागचं राहिलेलं कधी येईल ओ दादा?" आईने विचारलं.

"ते मला कसं सांगता येईल मावशी? वरून सुटले की येतात."

बाई जरा वेळ गप्प बसली. पदराने कपाळ पुसलं. मग रागाने नाही, तक्रारीच्या सुरातही नाही, अगदी हिशेबाचं बोलावं तसं तिनं विचारलं, "मग तिकडं पुण्यात मेसवाल्याला काय सांगायचं हिनं?"

त्या पोराकडे उत्तर नव्हतं. असणार तरी कुठून? त्याने प्रिंट काढून दिली, झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत, एवढंच त्याच्या हातात होतं. माझं काम पाच मिनिटांत झालं. तो प्रश्न मात्र त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. शिष्यवृत्तीवर आपण बोलतो तेव्हा किती जणांना मिळाली, किती कोटींची तरतूद झाली, फी किती माफ झाली, हेच बोलतो. त्या बाईने फीचं नाव काढलं नाही. फीचं काहीतरी निभतं. हमीपत्र लिहून देता येतं, प्राचार्यांना भेटता येतं, शिष्यवृत्ती आली की भरते म्हणून क्लार्कच्या टेबलाशी उभं राहता येतं. जेवणाचं हमीपत्र नसतं.

आमच्या घरी विड्या आई वळायची. आदल्या रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, पहाटे पत्र्याच्या मापाने कातरायची, आणि आमच्या शाळेचे डबे झाले की दाराशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसायची. तंबाखूचा तो उग्र, घशाशी बसणारा वास आमच्या वह्यांना यायचा, धुतलेल्या कपड्यांना यायचा. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलीने एकदा नाकाला रुमाल लावला होता, तेव्हापासून मी दप्तर रात्री बाहेर दोरीवर टांगायला लागले. आमच्या गल्लीत तेलुगू बोलणारी घरं जास्त. दुपारी चार-पाच बायका एका ओट्यावर जमायच्या, बोटं चालू आणि तोंडही चालू, मराठी-तेलुगूची सरमिसळ. सकाळी कारखान्यात विड्या द्यायला गेलं की तपासणारा छाट काढायचा. छाटात गेलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. छाट जास्त निघाला त्या दिवशी आई परत येताना भाजी आणायची नाही, एवढ्यावरून आम्हाला कळायचं.

विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार कल्याण खात्याची शिष्यवृत्ती असते. आमच्यासारख्या घरांत तिला "कारखान्याची शिष्यवृत्ती" म्हणायचे, कारण अर्जावर कारखान्याची सही लागायची. रक्कम छोटी असायची, पण ती पहिल्यांदा आली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. गणवेश फाटका नव्हता, पण आखूड झाला होता. आईने ते पैसे माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "हे तुझं आहे. तू शाळेत जातीस म्हणून आलंय." घरात आत्तापर्यंत येणारा पैसा हाताने वळलेल्या विडीचा होता. शिकण्याने पैसा येतो, तोही शिकत असतानाच येतो, हे आईने तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्यानंतर तिने मला कधी "सूप घे जरा" म्हटलं नाही. धाकट्या बहिणीलाही नाही. शेजारच्या दोन मुली सातवीनंतर सूप घेऊन बसल्या. त्या माझ्यापेक्षा हुशार होत्या की नव्हत्या, हे आता कोण सांगणार? त्यांच्या घरी त्या वर्षी तो अर्ज भरलाच गेला नाही, सहीच्या दिवशी बाप गावाला गेला होता. इतक्या बारीक कारणाने आयुष्य इकडचं तिकडे होतं, याचा मला अजूनही धाक वाटतो.

पुण्यात पदवीला आले तेव्हा ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठीची, फीची सवलत होती, म्हणून फीचा प्रश्न आला नाही. प्रश्न आला तो खोलीवर येणाऱ्या डब्याचा. ज्यांनी पुण्यात पेठांमधून दिवस काढलेत त्यांना मेसचं सगळं शास्त्र माहीत असतं. रविवारी रात्री मेस बंद. सणाला "फीस्ट", तिचे पैसे कधी महिन्यात धरलेले, कधी वेगळे. गावी गेलो तर "खाडा" धरायचा, पण सलग इतके दिवस गेलात तरच खाडा मिळणार, एक-दोन दिवसांचा नाही. आम्ही तिघी एका खोलीत, आणि तिघींत दोन डबे लावायचो. दोन डब्यांत आठ पोळ्या. आठाला तिघींत वाटायचं म्हणजे रोज कुणीतरी दोनवर थांबायचं. भात मात्र मेसवाल्या मावशी दाबून भरायच्या, तिघींत दोन डबे जातात हे त्यांना बहुतेक कळलं होतं. त्या कधी बोलल्या नाहीत.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्यातली एक हमखास म्हणायची, आज मला भूकच नाही गं. आम्ही तिला आग्रह करायचो नाही, कारण आग्रह करण्यापुरत्या पोळ्या नव्हत्या. ती परीक्षेच्या काळात संध्याकाळी लायब्ररीत बसायची ते रात्री बंद होईपर्यंत, आणि आम्हाला वाटायचं हिला अभ्यासाची किती आवड. नंतर कित्येक वर्षांनी एका लग्नात भेटली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, लायब्ररीत पाण्याचा कूलर होता, आणि खोलीवर आलं की डब्याचा वास यायचा. तिला समाजकल्याणची शिष्यवृत्ती मंजूर झालेली होती. तीनही वर्षं मंजूर झालेली होती. पैसे मात्र दर वर्षी मार्चमध्ये आणि एकदा तर पुढच्या जूनमध्ये आले. त्या पैशांचं तिने काय केलं? उधाऱ्या फेडल्या. कागदोपत्री तिला शिष्यवृत्ती मिळाली, आणि कागद खोटं बोलत नव्हता.

जेवणाची वेळ टळत नाही, हे ज्यांना पुरतं कळलं होतं अशी माणसं आपल्याकडे होऊन गेली. मला त्यांच्या मोठेपणापेक्षा ही एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढच्या काही वर्षांत एकामागून एक जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी अशी वसतिगृहं उभी राहिली. नोकऱ्यांतल्या पन्नास टक्के जागा राखीव ठेवण्याचा हुकूम १९०२ चा, सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९१७ चा. पण त्याच्या आधी बोर्डिंग. खेड्यातल्या पोराला शहरात आधी छप्पर आणि ताट लागतं, पुस्तक त्याच्या नंतर, हे राजवाड्यात वाढलेल्या माणसाला कसं कळलं असेल, याचं मला फार अप्रूप वाटतं.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत, स्वयंपाकाला मुलंच, पाणी भरायला मुलंच. एकदा धान्य संपलं, कर्मवीर फिरतीवर, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. भाषणात ती त्यागाची गोष्ट म्हणून येते. मी ती आता वेगळ्या तऱ्हेने वाचते. लक्ष्मीबाईंपुढे त्या संध्याकाळी प्रश्न एवढाच होता की पोरं आज रात्री काय खाणार. देणगी येणार असेल, वर्गणी जमणार असेल, भाऊराव चार दिवसांनी पैसे घेऊन येणार असतील. त्यातलं काहीच त्या रात्रीच्या भाकरीला उपयोगाचं नव्हतं. म्हणून हाताशी होतं ते त्यांनी मोडलं. पुढे १९४७ मध्ये साताऱ्याला कमवा आणि शिका म्हणून कॉलेज निघालं, ते आधीच्या त्या बोर्डिंगमधल्या अनुभवावरच उभं राहिलं.

बाबासाहेबांची गोष्ट तर या बाबतीत डोळे उघडणारी आहे. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. कोलंबिया विद्यापीठ त्यामुळे शक्य झालं, आणि ते ऋण त्यांनी कधी नाकारलं नाही. पण मुदत म्हणजे मुदत. लंडनमध्ये अभ्यास ऐन भरात असताना १९१७ मध्ये त्यांना तो अर्धा सोडून परत यावं लागलं, करारानुसार बडोद्यात नोकरीला. तिथे राहायला खोली मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं गेलं, हे सगळं आपल्याला माहीत आहे. मला त्यातला मधला काळ छळतो. १९१७ ते १९२०. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवायचे, नवल भथेना या मित्राकडून उसने घ्यायचे, शाहू महाराजांची मदत घ्यायची, आणि मग पुन्हा लंडन गाठायचं. तिथल्या दुसऱ्या मुक्कामात पापडांवर रात्री काढल्याच्या हकिकती त्यांच्या चरित्रांत आहेत. अशा बुद्धीच्या माणसाला तीन वर्षं थांबावं लागलं, तेही त्याची योग्यता कुणी नाकारली म्हणून नाही, पैशाची तारीख आणि अभ्यासाची तारीख जुळली नाही म्हणून.

तेच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. पहिली तरतूद तीन लाखांची. आज कॉलेजात पोरं एकमेकांना विचारतात, "तुझी जीओआय आली का?" ही ती भारत सरकार शिष्यवृत्ती. आपल्याकडच्या किती घरांत पहिला पदवीधर, पहिला इंजिनिअर, पहिली नर्स या एका योजनेतून आली असेल! मी ज्या लोकांबरोबर नोकरी केली त्यांतल्या निम्म्यांचं शिक्षण जीओआयवर झालेलं आहे, आणि ते हे मान वर करून सांगतात, सांगावंच. म्हणूनच तिची आजची अवस्था बघून जीव तुटतो. २०२१ पासूनच्या दरांप्रमाणे वसतिगृहात राहून इंजिनिअरिंग किंवा मेडिकलची पदवी घेणाऱ्या मुलाला निर्वाह भत्ता वर्षाला १३,५०० रुपये. महिन्याचे झाले सव्वाअकराशे. पुण्यात एवढ्यात एक वेळचा डबासुद्धा महिनाभर येत नाही. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांची. ती रक्कम माणसाने विचार करून ठरवलेली वाटते. पण ते ६०,००० पुढच्या वर्षी आले तर मधल्या वर्षाचं काय?

मधल्या वर्षाचं काय होतं ते मी सांगते. आई बचत गटातून उचल घेते. गटाचं संपलं की फायनान्सवाल्यांकडून घेते, आठवड्याचा हप्ता, गल्लीतल्या दहा जणींच्या हमीवर. कानातलं बँकेत जातं. शिष्यवृत्ती उशिरा का होईना, पूर्ण येते, पण ती येईपर्यंत तिच्यावर व्याज चढलेलं असतं, आणि ते व्याज विडी वळणारी बाई भरते. सरकार त्या मुलीला पैसे देतं असं आपण म्हणतो. वर्षभरापुरतं तरी खरं असं आहे की त्या बाईने सरकारचे पैसे स्वतःच्या पदरचं व्याज भरून पुढे केलेले असतात. हे वाक्य मी खूप विचार करून लिहिते आहे. आकडे घेऊन बसलं की कुणालाही हेच उत्तर येईल.

आणि रोज १ रुपया.

त्याची आठवण इथे काढल्याशिवाय राहवत नाही. १९९२ साली आपल्या राज्याने दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या दलित-आदिवासी मुलींना प्राथमिक शाळेत हजर राहिल्याबद्दल दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. वर्षाचे जास्तीत जास्त २२० रुपये. त्या काळात त्या रुपयाला अर्थ होता. मुलगी भांगलायला गेली तर तिला जे मिळेल त्याच्यासमोर तो रुपया ठेवता येत होता, आणि माझ्या माहितीतल्या एका शिक्षिकाबाईंनी त्याच्या जोरावर पालकांशी वाद घालून मुली वर्गात आणल्या. नंतर वर्षं गेली, भाव कुठल्या कुठे गेले, आणि रुपया रुपयाच राहिला. योजना बंद कुणी केली नाही. तिला फक्त विसरले.

आम्ही काही मैत्रिणी मिळून आता दर वर्षी थोड्या मुलींचा खर्च उचलतो. संस्था नाही, नाव नाही, बँकेत एक जोडखातं आहे. सुरुवातीला आम्ही मुलाखती घ्यायचो. टेबलाच्या या बाजूला बसण्याचा मला फार त्रास झाला. समोरची मुलगी आपलं दुःख नीट मांडून आलेली असायची. वडील वारले, शेती कोरडवाहू, आई मजुरीला. सगळं खरंच. पण कितव्या वाक्याला डोळे खाली घालायचे हे तिला अनेक टेबलांसमोर बसून कळलेलं होतं, आणि ते तिला शिकवलं होतं आमच्यासारख्यांनीच. एक मुलगी मात्र काहीच सांगेना. घरी कोण आहे? सगळे आहेत. अडचण काय आहे? पैशाची. एवढीच उत्तरं. आमच्यातली एक नंतर म्हणाली, हिला गरज वाटत नाही. मला वाटलं, हिला आपल्या घराची लाज चव्हाट्यावर मांडायची नाही, आणि तो तिचा हक्क आहे. त्या मुलीचे वडील पितात, हे तिच्या गावाकडच्या सरांकडून कळलं. तेव्हापासून मुलाखती बंद. शाळेतल्या नाहीतर कॉलेजातल्या एका शिक्षकाचं फोनवरचं बोलणं पुरतं.

गुणांचं काय करायचं, हा त्याहून अवघड प्रश्न. महात्मा फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिलं त्यात शिष्यवृत्त्यांबद्दल एक मुद्दा आहे, आणि तो वाचून मी चकित झाले होते. त्यांचं म्हणणं असं की शिष्यवृत्त्या स्पर्धेतून देणं वरवर न्याय्य दिसतं, पण ज्या वर्गांत शिक्षण पोचलंच नाही तिथे ते त्यामुळे पोचत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या त्या वर्गांसाठीच ठेवाव्यात. शाळा काढून चौतीस वर्षं झालेल्या माणसाचा हा अनुभव होता. स्पर्धा लावली की जिच्याकडे थोडंसं आधीच आहे ती पुढे जाते, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. आज आठवीत एनएमएमएसची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा होते, पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी महिना १,००० रुपये. चांगली योजना आहे, खेड्यांतले कितीतरी शिक्षक सुट्टीत, पदरमोड करून पोरांची तयारी करून घेतात, त्यांना माझा नमस्कार. पण ज्या शाळेत असा शिक्षक नाही तिथल्या मुलीने काय करायचं? आणि जी मुलगी शाळेतून आल्यावर सूप घेऊन बसते तिचे पंचावन्न टक्के आणि ट्यूशन लावलेल्या मुलीचे पंच्याऐंशी टक्के एका रांगेत कसे लावायचे? मी बारावीला चांगले गुण मिळवले त्यात माझी हुशारी किती आणि आईने मला सूप न देण्याचा वाटा किती, हे मला कधीच वेगळं काढता आलेलं नाही.

मागण्या अवघड नाहीत. दुसऱ्या वर्षात गेलेल्या मुलीची जात बदलत नाही, पहिल्या वर्षी तपासलेला दाखला पुन्हा तपासायला कशाला लागतो? प्रवेश झाला त्या महिन्यात निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता द्या, कागद मागाहून बघा, कुणाचा खोटा निघाला तर वसूल करा. खोटे दाखले काढणारेही असतात, मला माहीत आहे, मीही बघितलेत. पण त्या थोड्यांना पकडण्यासाठी बाकीच्या सगळ्या जणींनी मार्चपर्यंत उधारीवर जेवायचं, हा सौदा मला मान्य नाही. २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली, त्याचा मला मनापासून आनंद झाला. आता तेवढ्याच तत्परतेने ताटाचं बघायला हवं.

आमच्या गटात यंदा मोठा वाद झाला. आम्ही फीला पैसे देणं बंद करून फक्त मेसला द्यायचं ठरवलं, तेही मुलीच्या हातात रोख नाही, महिन्याच्या एक तारखेला थेट मेस चालवणाऱ्या मावशींना. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. मग मुद्दा निघाला एटीकेटीचा, म्हणजे विषय राहिलेल्या मुलींचा. विषय राहून वर्ष गेलं की शिष्यवृत्ती थांबते, स्वाधारला टक्क्यांची अट आहे. मी म्हटलं, आपण त्यांनाच घेऊ. एक मैत्रीण चिडली. ती स्वतः फार कष्टाने वर आलेली, आमच्या आठ पोळ्यांमधली. म्हणाली, "आपण उपाशी राहून पास झालो ना? नापासांना कशाला? अभ्यास करणाऱ्यांचं काय मग?" तिचं चूक आहे असं मला म्हणता आलं नाही. तिने जे सोसलं त्याची किंमत ती मागत होती. मी एवढंच म्हटलं की आपण पास झालो तिघी, पण त्याच मजल्यावर पहिल्या वर्षानंतर परत न आलेल्या मुली किती होत्या, त्यांची नावं तरी आपल्याला आठवतात का? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, एक वर्ष करून बघू, पण दुसऱ्यांदा राहिले तर काय करायचं ते आत्ताच ठरवा. ते अजून ठरलेलं नाही. दोन मुलींची मेस सुरू झाली आहे, एकीचं गणित राहिलंय आणि एकीचे तीन विषय. तिसरीसाठी तिच्या सरांचा फोन काल येऊन गेला. मार्कशीट पाठवू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मेसचा पत्ता पाठवा.